गालावरचा डाग आणि डॉक्टरचा हात

१८४३च्या मार्च महिन्यात बॉस्टनच्या 'द पायोनियर' या मासिकात नॅथॅनिएल हॉथॉर्नची 'द बर्थमार्क' ही कथा आली. मासिक तीन अंकांतच बंद पडलं. कथा मात्र टिकली. एल्मर नावाचा नामांकित शास्त्रज्ञ जॉर्जियाना या अतिशय देखण्या मुलीशी लग्न करतो. तिच्या डाव्या गालावर एक लालसर जन्मखूण आहे, इवल्याशा हाताच्या पंजासारखी. लग्नाआधी तिच्यावर भाळलेल्यांना ती खूण मोहक वाटायची. जन्मवेळी एखाद्या परीनं गालावर हात ठेवला असेल, असं ते म्हणायचे. एल्मरला मात्र लग्नानंतर तीच खूण सलू लागते. बाकी सगळं निर्दोष असताना निसर्गानं हा एकच दोष का ठेवला? तो त्या गालाकडे पाहून शहारतो, आणि त्याचं शहारणं रोज पाहून जॉर्जियानालाही स्वतःच्या चेहऱ्याची किळस येऊ लागते. शेवटी तीच म्हणते, काहीही कर, पण हे काढून टाक. एल्मर तिला एक द्रव प्यायला देतो. खूण फिकट होत जाते. ती पूर्ण नाहीशी होते त्याच क्षणी जॉर्जियानाचा प्राण जातो.

पुढच्याच महिन्यात, त्याच न्यू इंग्लंडमधल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध छापून आला. लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्स. वय ३३, पेशानं डॉक्टर आणि नावाजलेला कवी. बाळंतज्वर हा संसर्गजन्य रोग आहे, आणि तो एका बाळंतिणीकडून दुसरीकडे नेणारे स्वतः डॉक्टर आणि सुइणीच आहेत, असं त्यानं एकामागून एक प्रकरणं मांडून दाखवलं. अशा रोग्यांचं शवविच्छेदन केलेल्या डॉक्टरनं बाळंतपणाला जाऊ नये, हात धुवावेत, कपडे बदलावेत. एकाच डॉक्टरच्या हाताखाली लागोपाठ बायका दगावत असतील तर त्यानं निदान महिनाभर काम थांबवावं, असं त्याचं म्हणणं होतं. आणि पुढचं वाक्य तर फारच झोंबणारं होतं: इथून पुढे अशा मृत्यूंना दुर्दैव समजू नये, गुन्हा समजावा. अमेरिकेतले ज्येष्ठ प्रसूतितज्ज्ञ भडकले. फिलाडेल्फियाच्या चार्ल्स मेग्जचा सूर तर असा होता, की डॉक्टर हे सभ्य गृहस्थ असतात आणि सभ्य गृहस्थांचे हात स्वच्छच असतात.

या दोन लिखाणांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. पण ती शेजारी ठेवली की एक गोष्ट लख्ख दिसते. दोन्हींत एक बाई मरते आणि दोन्हींत तिच्या जवळ एक शिकलेला पुरुष उभा असतो. एल्मर दोष शोधतो तो तिच्या गालावर. होम्स दोष शोधतो तो आपल्या व्यवसायाच्या हातांवर.

गॉथिक कादंबऱ्यांमधल्या शास्त्रज्ञांबद्दल बोलताना आपण सहसा एक ठरावीक निष्कर्ष काढतो: माणसानं निसर्गाच्या मर्यादा ओलांडल्या, परिपूर्णतेचा हव्यास धरला, आणि निसर्गानं सूड उगवला. फ्रँकेन्स्टाईनचं नाव तर कुठल्याही नव्या तंत्रज्ञानाविरुद्ध भीती घालायला वापरलं जातं. पण ज्या काळात या कथा लिहिल्या गेल्या त्या काळाचा इतिहास समोर ठेवून त्या वाचल्या, तर हा निष्कर्ष अपुरा पडतो. या लेखकांना विज्ञानाचं वावडं नव्हतं, आणि निसर्ग दयाळू आहे असा त्यांचा भाबडा समजही नव्हता. त्यांची नजर दुसरीकडेच होती: टेबलावर कुणाचं शरीर आहे, त्याला दोष कुणी चिकटवला, आणि प्रयोग फसल्यावर किंमत कोण मोजतं?

*

गॉथिक कथेचा जन्म प्रयोगशाळेत झाला नाही. होरेस वॉलपोलनं १७६४मध्ये 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' लिहिली तेव्हा भीती पडक्या गढ्यांमध्ये, तळघरांमध्ये आणि वाडवडिलांच्या पापांमध्ये राहत होती. पुढच्या अर्धशतकात तिनं घर बदललं. त्याला कारणही तसंच घडलं.

जानेवारी १८०३मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगात जॉर्ज फॉर्स्टर नावाच्या माणसाला फाशी दिली गेली. बायको आणि मुलीला कालव्यात बुडवून मारल्याचा आरोप त्याच्यावर शाबीत झाला होता. १७५२पासून इंग्लंडमध्ये कायदाच होता, की खुन्याला फाशी दिल्यावर त्याचं प्रेत पुरायचं नाही, शल्यविशारदांच्या ताब्यात द्यायचं. मेल्यावर चिरफाड होणं हा शिक्षेचाच भाग होता. फॉर्स्टरचं प्रेत जोव्हानी अल्दिनीकडे गेलं. बेडकाच्या पायाला विजेचा स्पर्श होताच तो झटका देतो, हे दाखवणाऱ्या लुइजी गॅल्व्हानीचा हा भाचा. त्यानं बॅटरीच्या तारा प्रेताच्या तोंडाला आणि कानाला लावल्या. जबडा थरथरला, एक डोळा उघडला. पुढे हाताची मूठ वळली, पाय हलले. जमलेल्यांपैकी काहींना वाटलं, माणूस उठतोय.

मेरी गॉडविन तेव्हा पाच वर्षांची होती. पुढे मेरी शेली झाल्यावर तिनं 'फ्रँकेन्स्टाईन' लिहिली. तिच्या वडिलांच्या घरी रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीसारख्या माणसांची ये-जा होती. तिचा नवरा पर्सी शेलीचा डॉक्टर विल्यम लॉरेन्स त्या काळच्या एका मोठ्या वादाच्या केंद्रस्थानी होता: जीवन म्हणजे शरीराच्या रचनेतून उद्भवणारी क्रिया, की बाहेरून येणारं काही चैतन्य? लॉरेन्स पहिल्या बाजूचा. १८१९मध्ये छापलेली आपली व्याख्यानं त्याला धर्मनिंदेच्या आरोपांपायी मागे घ्यावी लागली. म्हणजे मेरीला विज्ञान दुरून दिसत नव्हतं. त्याच्या ऐन भांडणात ती वाढली होती.

निसर्गाची तिची ओळख तर आणखी जवळची. ३० ऑगस्ट १७९७ला ती जन्मली. आई मेरी वुलस्टनक्राफ्टची वार पडेना, म्हणून डॉक्टरला बोलावलं. त्यानं हात घालून तुकड्या-तुकड्यांनी वार काढली. त्यानंतर ताप चढला, आणि १० सप्टेंबरला 'स्त्रियांच्या हक्कांचं समर्थन' लिहिणारी ही बाई वयाच्या ३८व्या वर्षी बाळंतज्वरानं गेली. डॉक्टरच्या हातांतून संसर्ग गेला असण्याची शक्यताच अधिक. पण वार तशीच राहिली असती तरी जिवावरच बेतलं असतं. या मृत्यूत निसर्ग आणि विज्ञान वेगळे कसे काढायचे?

फेब्रुवारी १८१५मध्ये मेरीला पहिली मुलगी झाली, दिवस भरण्याआधीच. ती दोन आठवडेही जगली नाही. मार्चमध्ये मेरीनं रोजनिशीत एक स्वप्न नोंदवलं: बाळ गेलंच नव्हतं, फक्त गारठलं होतं; शेकोटीपुढे चोळलं आणि ते जगलं. या नोंदीनंतर सव्वा वर्षानं, १८१६च्या पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी तिनं कादंबरी लिहायला घेतली. मेलेल्याला जिवंत करावंसं वाटणं हा तिच्या लेखी राक्षसी अहंकार असणं शक्य नव्हतं. ती इच्छा तिच्या स्वतःच्या झोपेत येऊन गेली होती.

म्हणूनच 'फ्रँकेन्स्टाईन' नीट वाचायला हवी. व्हिक्टर जवळजवळ दोन वर्षं राबतो. स्मशानं, शवविच्छेदनाच्या खोल्या आणि कत्तलखाने यांतून तो सामान गोळा करतो. अवयव प्रमाणशीर, केस काळे आणि तकतकीत, दात मोत्यांसारखे. सगळं त्यानं सुंदर म्हणून निवडलेलं आहे. बारीक अवयव जोडण्यात वेळ जातो, म्हणून शरीर आठ फुटी करायचं ठरवतो. प्रयोग यशस्वी होतो. निसर्ग आडवा येत नाही, वीज कोसळत नाही. ते शरीर डोळे उघडतं, आणि व्हिक्टरला ते कुरूप दिसतं. एवढंच घडतं. तो पळून जातो. नवजात प्राणी त्याच्या बिछान्यापाशी येऊन हात पुढे करतो, तेव्हा तो पुन्हा पळतो. दुसऱ्या दिवशी खोली रिकामी पाहून त्याला हायसं वाटतं.

पुढचे सगळे मृत्यू या पळून जाण्यातून येतात. त्यातला सर्वांत लाजिरवाणा मृत्यू घरातल्या जस्टिन या नोकर मुलीचा. व्हिक्टरच्या धाकट्या भावाच्या खुनाचा आळ तिच्यावर येतो. खरा खुनी कोण हे व्हिक्टरला पटलेलं असतं. पण सांगितलं तर लोक वेडा म्हणतील, म्हणून तो गप्प राहतो आणि जस्टिन फासावर जाते. नंतर प्राण्याच्या मागणीवरून तो त्याच्यासाठी जोडीदारीण बनवायला घेतो, तेव्हा त्याला एक शंका चाटून जाते: तीही विचार करणारी असेल, आपल्या जन्माआधी दोघा पुरुषांनी केलेला करार तिनं का पाळावा? विचार अगदी बरोबर आहे. त्यावर व्हिक्टरनं शोधलेला उपाय म्हणजे अर्धवट घडलेलं ते शरीर फाडून टाकणं. आणि मरणशय्येवर तो काय म्हणतो? आपण मागे वळून पाहिलं, आपल्याला आपलं वागणं दोषास्पद वाटत नाही.

जानेवारी १८१८मध्ये ही कादंबरी लेखिकेच्या नावाशिवाय छापली गेली. प्रती फक्त ५००.

*

व्हिक्टर ज्या खोल्यांमधून सामान गोळा करतो त्या खोल्यांची खरी कहाणी कादंबरीइतकीच भीषण आहे. शरीरशास्त्र शिकवणाऱ्या शाळा वाढत होत्या आणि फाशी जाणारे खुनी पुरत नव्हते. म्हणून थडगी उकरून प्रेतं विकणाऱ्यांचा धंदा तेजीत आला. कायद्याच्या दृष्टीनं प्रेत ही कुणाची मालमत्ता नव्हती; त्यामुळे चोर कफन आणि कपडे मागे टाकून फक्त देह नेत, म्हणजे चोरीचा गुन्हा लागत नसे. एडिंबरोत बर्क आणि हेअर यांनी १८२८मध्ये उकरण्याचे श्रमही वाचवले. त्यांनी १६ माणसं मारली आणि प्रेतं डॉ. रॉबर्ट नॉक्सच्या शाळेला विकली. बर्क फासावर गेला, त्याचंही विच्छेदन झालं, आणि त्याचा सांगाडा आजही एडिंबरो विद्यापीठाकडे आहे. नॉक्सवर खटला झाला नाही.

यावर ब्रिटिश संसदेनं १८३२च्या कायद्यानं जो तोडगा काढला तो विचार करण्यासारखा आहे. खुन्यांची प्रेतं शल्यविशारदांना देणं बंद झालं. त्याऐवजी अनाथगृहांत, धर्मादाय इस्पितळांत मरणाऱ्या आणि कुणी न्यायला न येणाऱ्या गरिबांचे देह शाळांना मिळू लागले. काल जी खुनाची शिक्षा होती ती आज दारिद्र्याची झाली. हीच पद्धत पुढे अनेक देशांत गेली. मुंबई प्रांतातही १९४९मध्ये बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना देण्यासाठी कायदा झाला. या देहांमुळे शल्यचिकित्सा शिकता आली, लाखो जीव वाचले, हे खरंच आहे. ते देह विचारून घेतले नव्हते, हेही तितकंच खरं.

एडिंबरोचाच रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा इतिहास ऐकत वाढला. १८८४मध्ये त्यानं 'द बॉडी स्नॅचर' ही कथा लिहिली, आणि १८८६मध्ये 'डॉ. जेकिल आणि मिस्टर हाईड'. जेकिल ज्या प्रयोगशाळेत औषध घोटतो ती पूर्वी एका शल्यविशारदाची विच्छेदनाची खोली होती, हा तपशील स्टीव्हन्सननं उगाच घातलेला नाही. जेकिलची परिपूर्णता नैतिक आहे. आपल्यातला वाईट भाग गाळून वेगळा काढायचा आणि स्वच्छ मनानं जगायचं, ही त्याची कल्पना. तो प्रयोग स्वतःवर करतो, म्हणून वरकरणी तो बाकीच्यांपेक्षा बरा वाटतो. पण मध्यरात्री रस्त्यावर तुडवली जाते ती एक लहान मुलगी, आणि काठीनं ठेचून मारला जातो तो एक म्हातारा. मुलीच्या घरच्यांना हाईड १०० पौंड देतो, त्यातला बराचसा चेक जेकिलच्या सहीचा. स्वतःवरच्या प्रयोगाची किंमतही शेवटी रस्त्यावरच्या पोरीनं मोजली, आणि सभ्य माणसानं ती पैशात मिटवली.

*

हॉथॉर्नकडे परत येऊ. १८४४च्या डिसेंबरमध्ये त्यानं 'रॅपाचिनीज डॉटर' छापली. पादुआ शहर, तिथलं विद्यापीठ आणि १५४५मध्ये उभारलेली वनस्पतिबाग युरोपभर प्रसिद्ध. डॉ. रॅपाचिनी आपल्या बागेत विषारी झाडं वाढवतो, आणि त्या विषावरच मुलगी बिआत्रिसला पोसतो, इतकी की तिचा श्वास लागला तरी किडे मरून पडतात.

मराठी वाचकाला ही मुलगी ओळखीची वाटेल, आणि ते योग्यच आहे. कथेतला एक प्राध्यापक सिकंदराला भारतीय राजानं भेट पाठवलेल्या विषारी सुंदरीची आख्यायिका सांगतो. आपली विषकन्याच ती. मध्ययुगीन युरोपीय ग्रंथांतून फिरत ती सतराव्या शतकातल्या टॉमस ब्राऊनच्या पुस्तकात पोहोचली, आणि तिथून हॉथॉर्नच्या टिपणवहीत. पण वाटेत तिचा अर्थ बदलला. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त विषकन्या हे राजकारणातलं हत्यार आहे: राक्षसानं चंद्रगुप्तासाठी योजलेलं, चाणक्यानं पर्वतकावर वळवलेलं. रॅपाचिनीला शत्रू नाही. त्याच्या मते त्यानं मुलीला वरदान दिलं आहे, कारण आता तिला कुणीच इजा करू शकणार नाही. इतर बायकांसारखं दुबळं राहणं तुला आवडलं असतं का, असं तो तिलाच विचारतो. बिआत्रिस सांगते, भीती वाटण्यापेक्षा प्रेम मिळालेलं मला चाललं असतं. प्रियकरानं आणलेला उतारा पिऊन ती मरते, कारण विष हेच तिचं जगणं झालेलं असतं. बापानं तिला विचारलं नव्हतं. प्रियकरानंही खरं तर विचारलं नाही, त्यानं तिला झिडकारून मग बरं करायला घेतलं.

हॉथॉर्न या कथा लिहीत होता त्याच दशकात, अलाबामातल्या माँटगोमेरी गावी जे. मॅरियन सिम्स नावाचा शल्यविशारद एका असाध्य मानल्या गेलेल्या दुखण्यावर काम करत होता. अवघड बाळंतपणात मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये भोक पडतं आणि बाईला आयुष्यभर लघवी आवरत नाही. १८४५ ते १८४९ या काळात त्यानं गुलाम बायकांवर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. त्यांतल्या अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी या तिघींची नावं त्यानं स्वतः नोंदवली. ईथरची भूल ऑक्टोबर १८४६मध्ये बॉस्टनला जाहीरपणे दाखवली गेली होती, तरी या बायकांना भूल दिली नाही. एकट्या अनार्कावर सुमारे ३० शस्त्रक्रिया झाल्या. शेवटी टाके टिकले, आणि ती शस्त्रक्रिया जगभरच्या बायकांच्या उपयोगी पडली. परवानगी लागली ती मालकांची. ज्यांच्या शरीरावर हे चाललं होतं त्यांचा नकार कायद्याला ऐकूच येत नव्हता.

जॉर्जियाना गुलाम नव्हती. तिनं होकार दिला होता. हॉथॉर्नची कथा त्या होकाराकडेच बोट दाखवते. रोज ज्या नजरेखाली जगायचं ती नजर किळसवाणी असेल, तर त्या नजरेतून सुटण्यासाठी दिलेला होकार किती खरा? मराठीत 'लांछन' या शब्दाला खूण आणि बदनामी असे दोन्ही अर्थ आहेत. एल्मरनं पहिल्याचं दुसरं केलं. कथेतला त्याचा राकट मदतनीस अमिनाडॅब पुटपुटतो, माझी बायको असती तर मी ती खूण कधीच जाऊ दिली नसती. त्याला शास्त्र कळत नाही. पण त्या खोलीत जॉर्जियानाकडे ती आहे तशी पाहणारा तो एकटाच आहे.

*

१८९६मध्ये एच. जी. वेल्सनं 'द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो' लिहिली तोवर वाद प्राण्यांपर्यंत आला होता. इंग्लंडमध्ये १८७६मध्ये जिवंत प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी परवाना सक्तीचा झाला. मोरो बदनाम होऊन इंग्लंड सोडतो आणि एका बेटावर, भूल न देता, जनावरं कापून त्यांची माणसं घडवू पाहतो. वेदना त्याला क्षुल्लक वाटते. ती जनावरं उभं चालायला, बोलायला, नियम घोकायला शिकतात. आणि हळूहळू मूळपदावर येतात. दर वेळी मोरो म्हणतो, पुढचा नीट जमेल. वेल्स टी. एच. हक्सलीच्या हाताखाली जीवशास्त्र शिकला होता आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांचा पुढे त्यानं जाहीर पुरस्कारही केला. त्याला विज्ञान थांबवायचं नव्हतं. दुसऱ्याचं दुखणं ज्याला ऐकू येत नाही असा हुशार माणूस त्यानं रंगवला.

तोवर परिपूर्णतेचा ध्यास कथेतून बाहेर पडून धोरण बनू लागला होता. फ्रान्सिस गॉल्टननं १८८३मध्ये 'युजेनिक्स', म्हणजे सुप्रजननशास्त्र, हा शब्द घडवला. चांगल्या वंशाची माणसं वाढवायची, 'सदोष' माणसांची पैदास रोखायची. १९०७मध्ये इंडियाना राज्यानं सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला आणि इतर राज्यांनी तो गिरवला. व्हर्जिनियात कॅरी बक या गरीब तरुणीला 'मंदबुद्धी' ठरवून संस्थेत डांबलं होतं. तिच्यावर बलात्कार झाला होता, त्यातून मुलगी झाली होती, आणि तेच तिच्या दोषाचा पुरावा मानलं गेलं. २ मे १९२७ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतानं तिच्या नसबंदीला मान्यता दिली. सक्तीची लस टोचता येते, तर त्याच तत्त्वानं हेही करता येतं, असा युक्तिवाद बहुमताच्या निकालपत्रात आहे.

ते निकालपत्र लिहिणाऱ्या ८६ वर्षांच्या न्यायमूर्तींचं नाव होतं ऑलिव्हर वेंडेल होम्स, ज्युनियर. १८४३मध्ये डॉक्टरांना हात धुवायला सांगणाऱ्या त्या कवी-डॉक्टरचा मुलगा. वडिलांनी तो निबंध लिहिला तेव्हा तो दोन वर्षांचा होता.

बाप आणि मुलगा दोघंही आपापल्या परीनं विज्ञानाच्याच बाजूनं बोलत होते. बापानं अधिकाराच्या जागी बसलेल्या माणसांचे हात तपासले. मुलानं निराधार बाईच्या रक्तात डाग शोधला, आणि तो खरोखर आहे का हेही पाहिलं नाही. कॅरीमध्ये मंदपणा नव्हता, असं नंतरच्या संशोधकांना आढळलं. तिची मुलगी व्हिव्हियन आठ वर्षांची होऊन आजारानं गेली. शाळेत तिचं नाव हुशार मुलांच्या यादीत लागलं होतं. व्हर्जिनियाचा तो कायदा १९७४मध्ये रद्द झाला आणि कॅरी १९८३पर्यंत जगली. सर्वोच्च न्यायालयाचा १९२७चा निकाल मात्र त्या न्यायालयानं अजूनही स्पष्ट शब्दांत फिरवलेला नाही.